डब्यात साठलेले ऋतू

घरच्या संगणकाचा पंखा मोठ्याने वाजू लागला, तर बहुतेक वेळा त्यात बिघाड नसतो; हवेची वाट अडलेली असते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे घरोघर ज्या डब्याला सीपीयू म्हणतात, त्याच्या पोटात काडेपेटीएवढा खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, बसलेला असतो. त्याची उष्णता हीट सिंक शोषून घेते. हा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा गठ्ठा असतो आणि त्या पात्यांमधून पंखा हवा ढकलतो. फटी बुजल्या की प्रोसेसर तापतो आणि मदरबोर्ड पंख्याला अधिक जोराने पळवतो. कानावर येते ती त्या पळण्याची धाप. एवढ्यानेही भागले नाही तर प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि शेवटी यंत्र आपोआप बंद पडते.

पंखा खोलीतली हवा ओढतो, आणि इथल्या खोलीतली हवा शिवारातूनच येते. दिवाळीच्या आगेमागे भाताची झोडणी होते, तेव्हा खळ्यावरचे बारीक कुसळ दारातून आत उडते. पावसाळा सरला की वीटभट्ट्या पेटतात. त्यांच्या धुरात कोळशाची काजळी आणि तुसाची राख असते. पुढे भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस येतात. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्या अंथरून, वर माती पसरून ते पेटवतात. त्याने तणाचे बी जळते, रोपांना राख मिळते. पण हलकी राख वाऱ्यावर गावभर फिरते. मुंबई-नाशिक महामार्गाची आणि माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याची धूळ तर बाराही महिने असते. या सगळ्यात अंथरुणाचे धागे आणि केस गुंतले की पात्यांवर घोंगडीच्या तुकड्यासारखा थर बसतो. हाताने उचलला तर तो अखंड निघतो.

म्हणून सफाईला मे महिना सर्वांत चांगला. जूनच्या दमट हवेत राखमिश्रित धूळ ओल धरते, घट्ट चिकटते, आणि ओली धूळ वीजही वाहून नेऊ शकते. दिवाळीनंतरची सफाई चुकली तर चालेल. पावसाआधीची चुकू नये.

आधी प्लग काढावा, मग चालू करायचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डमधली उरलीसुरली वीज निघून जाते. डबा पडवीत किंवा अंगणात आणावा. धुळीचा लोट घरात परत येणार नाही, अशी वाऱ्याची दिशा पाहावी. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा. अंगावरची स्थिर वीज नाजूक चिप जाळू शकते. थर मऊ ब्रशने सैल करून ब्लोअरने उडवावा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे फार गरजेचे आहे. मोकळे सोडले तर ते वाजवीपेक्षा वेगाने फिरते आणि बेअरिंग खराब होते. एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीला, बाहेरूनच हवा मारावी. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहू शकते, त्यामुळे तो उघडू नये. हीट सिंक काढला असेल तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नये. डब्याच्या मागच्या पट्टीवर एखादी खाच उघडी असेल तर ती झाकावी, कारण आतल्या उबेला पाली आणि मुंग्या येतात.

सफाईनंतरही घरघर राहिली तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो आणि पंखा बदलावा लागतो. टिकटिक येत असेल तर एखादी वायर पात्याला लागते आहे. ती बाजूला बांधली की पुरे. नुसती धूळच कारण असेल, तर यंत्र चालू करताच पंखा क्षणभर जोरात फिरतो आणि मग हळूहळू मंदावत जातो. अंगणातल्या चिमण्यांचा आवाज पुन्हा खोलीत ऐकू येऊ लागतो.