दहा दिवसांचं बिल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचं संगणकीकरण माझ्याकडे आलं. पहिली बैठक संस्थेच्या कार्यालयात झाली. "सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे, एक बटण दाबलं की बिल निघालं पाहिजे," ही चेअरमनांची मागणी. माझ्या प्रश्नांना सगळ्यांनी झटपट उत्तरं दिली. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, फॅट लागेल तसा दर, दहा दिवसांनी बिल, बिलातून कपात. ऐकून वाटावं, आज रात्रीच टेबलं मांडून मोकळं व्हावं! पण बैठकीत माणसं नियम सांगतात, आणि नोंद करणारा हात बहुधा बैठकीत बोलत नाही. म्हणून मी संकलनाच्या वेळी सचिवांच्या शेजारी स्टूल टाकून बसायची परवानगी मागितली.

पहाटेपासून किटल्यांची रांग लागते. काटा दूध किलोत दाखवतो, बिल मात्र लिटरवर निघतं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे प्रत्येक नोंदीला भागाकार आला आणि मागोमाग प्रश्न आला की उरलेले पॉइंट कुठे सोडायचे, दर नोंदीला की बिलाच्या बेरजेवर. बैठकीत हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सचिव दर नोंदीला दुसऱ्या पॉइंटापुढचं सोडून देत होते, वर्षानुवर्षं. एका नोंदीत ते फार तर काही पैशांचं, पण गावच्या सगळ्या नोंदींचं वर्षभराचं मिळून ते कोणाच्या तरी बाजूला पडतंच.

फॅट मशीनवर लागते. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग, मात्र लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून काढायचा. डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा पाव हिस्सा, अधिक ०.४४, हे तिथलं सूत्र. हा शेवटचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा तो प्रोग्रॅममध्ये ठोकून बसवण्यात अर्थ नव्हता. तारखेसकट वेगळ्या टेबलात ठेवायचा असं मी टिपून घेतलं. दरपत्रकाचंही तेच. गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून, पुढे चढ-उतार. पण नवा दर "सोळा तारखेपासून" लागू म्हणजे सोळाच्या सकाळपासून की संध्याकाळपासून? परिपत्रकात तारीख होती, पाळी नव्हती. आणि दहा दिवसांचं बिल नेहमी दहा दिवसांचं नसतंच. महिन्यातलं तिसरं बिल एकवीसपासून महिनाअखेरपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीत कधी आठ दिवसांचं, जुलैत अकरा.

खरा गुंता नावांचा निघाला. मी कागदावर पहिला चौकोन काढला होता तो सभासदाचा, कारण पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीने घटक आणि त्यांचे संबंध आखायची सवय हाताला आहे. रजिस्टरात बघतो तर एका खात्यावर दोन किटल्या, समासात पेन्सिलीने "थो." आणि "धा.". थोरला आणि धाकटा. वडील वारले, वारसनोंद अडकली आहे, खातं अजून वडिलांच्या नावावर. खातं एक, चुली दोन. बिल एकच निघायचं आणि सचिव ते कागदावर फोडून दोघांना वेगळे पैसे द्यायचे. दिवाळीला दर फरक मिळतो तोही तसाच फोडायचा. चौकोन खोडून मी सभासद, खातं आणि दूध घालणारा असे तीन वेगळे काढले.

त्या आकृत्या संचालकांना दाखवायच्या भानगडीत मी पडलो नाही. चौकोन-बाण दाखवले की माणसं मान डोलावतात, आणि त्या मान डोलावण्यावर विसंबणं म्हणजे फुकटचा धोका. त्याऐवजी खोट्या नावांची पण खऱ्या आकड्यांची बिलं हाताने लिहून नेली. बिल दिसलं की प्रत्येकाला बोलायचं असतं.

त्यातलं एक बिल आटत आलेल्या म्हशीचं होतं. दूध थोडं आणि पशुखाद्याची बाकी, उचल, औषधं हे सगळं त्यातून जायचं. नियमाने हिशेब केला तर हातात शून्य. मी तसंच शून्य लिहिलं होतं. चेअरमन म्हणाले, बरोबर आहे. सचिव गप्प बसले.

बैठक उठल्यावर त्यांनी मला कपातीचं रजिस्टर उघडून दाखवलं. "सर, आमच्याकडं शून्याचं बिल निघत न्हाई."

"म्हणजे?"

"बिल न्यायला बाई येती. तिला मोकळ्या हातानं लावून द्यायचं? खाद्याची बाकी म्होरल्या बिलात ढकलायची. म्हैस व्याली की आपोआप फिटती."

"मग बिलात आधी कापायचं काय?"

"औषधाचं. डॉक्टर थांबत न्हाई. मग उचल. खाद्य आपलंच हाय, ते थांबतंय."

कपातीचा हा क्रम कुठल्याच कागदावर नव्हता. बरं, हे मी गुपचूप प्रोग्रॅममध्ये घातलं असतं तर लेखापरीक्षणाला अडचण सचिवांचीच झाली असती. म्हणून पुढच्या बैठकीत त्यांच्या परवानगीने विषय काढला. चेअरमन आधी तडकले. "असा ठराव कधी झालाय?" मग एका संचालकांनी, ज्यांची स्वतःची म्हैस त्या महिन्यात आटली होती, हळूच सांगितलं की चाललंय ते चालू द्या. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठराव लिहिला गेला: कपातीचा क्रम ठरलेला राहील, सचिवांना खाद्याची बाकी पुढे ढकलता येईल, मात्र प्रत्येक वेळी कारण नोंदवावं लागेल.

कारणाचा रकाना किती अक्षरांचा ठेवू, असं मी सचिवांना विचारलं.

"लई कशाला? 'म्हैस आटली' एवढं मावलं की झालं."