पडवीतून ओटीवर : रत्नागिरीची घरगुती खाणावळ

रत्नागिरीतली घरगुती खाणावळ सुरू होते ती बहुधा घराच्या पडवीत. चिऱ्याचे कौलारू घर, पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर आणि मागे स्वयंपाकघर. पडवीत दोन बाके पडतात, बाहेर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी लागते आणि घरच्या भाताच्या टोपात आणखी पाच-सहा माणसांचे तांदूळ पडू लागतात. पुढच्या वीस-तीस वर्षांत खाणावळ वाढते तशी ती आत सरकते. पडवी भरली की ओटी, ओटी भरली की अंगणात पत्र्याची शेड, आणि शेवटी कुटुंबच वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या आळीत राहायला जाते. घर आणि धंदा एकमेकांपासून असे सुटे होत जाणे हाच या व्यवसायाच्या वाढीचा खरा इतिहास आहे. जागा सर्वांत आधी सुटी होते, कारण तिची अडचण रोज डोळ्यांसमोर असते. पैसा, श्रम आणि हाताची चव सुटी व्हायला फार वेळ लागतो. बहुतेक खाणावळी अडखळतात त्या तिथे.

पैसे देऊन परक्याच्या घरी जेवणे ही गोष्ट एकेकाळी सोपी नव्हती. शिकायला आलेला मुलगा वार लावून किंवा माधुकरी मागून जेवे, कोर्टकचेरीला आलेला माणूस नात्यातल्या घरी उतरे. खाणावळी निघाल्या त्याही जातीजातींच्या. या बाबतीत रत्नागिरीच्या इतिहासात एक महत्त्वाची नोंद आहे. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते. १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले असे अखिल हिंदू उपाहारगृह त्यांनी सुरू केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला माणूस तिथे चहा-फराळ देत असे. आज शेजारच्या बाकावर कोण बसले आहे आणि आत कोण रांधते आहे हे विचारावेसे सहसा कोणाला वाटत नाही. ही सवय आपोआप पडलेली नाही. ती अशा प्रयत्नांनी घडवावी लागली, हे खाणावळीचा विचार करताना विसरता येत नाही.

कोकणच्या खाणावळीची दुसरी शाळा म्हणजे मुंबईचे गिरणगाव. गिरणीत कामाला गेलेल्या माणसांची बिऱ्हाडे गावी राहत आणि त्यांना जेवू घालायचे काम चाळीतल्या बायका करत. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचे जेवण ठरलेले. अशा महिन्याच्या गिऱ्हाइकाला खाणावळीच्या बोलीत ‘मेंबर’ म्हणतात. संपाच्या काळात याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्याच उताराला लागल्या आणि केवळ गिरणी कामगारांवर चालणाऱ्या खाणावळींचा आधार गेला. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभी असलेली खाणावळ त्या गिऱ्हाइकाबरोबरच बसते, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिसले असेल.

रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण असल्याने इथे मेंबर नाना प्रकारचे मिळतात. बदलून आलेले बँकेचे आणि सरकारी कचेऱ्यांतले लोक, शिक्षक, वकिलांकडचे कारकून, १९४५ पासून चालू असलेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाचे विद्यार्थी, जिल्हा रुग्णालयात कोणी आजारी म्हणून आठवडाभर अडकलेले खेड्यातले नातेवाईक. मेंबराकडून मिळणारा नफा थोडा, पण त्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला हातात येतात आणि तांदूळ, तेल, नारळ त्यावर भरता येतात. शिवाय किती माणसे येणार हे सकाळीच माहीत असल्याने अन्न वाया जात नाही. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसाच्या वजावटीचा, नियम मात्र पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावा लागतो. एक दिवस आगाऊ सांगितले तर खाडा धरायचा, नुसते आले नाहीत तर धरायचा नाही. या एका नियमावरून जितके मेंबर तुटतात तितके जेवणाच्या चवीवरूनही तुटत नाहीत.

मेंबराला रोज तेच ताट चालत नाही आणि पर्यटकाला नेमके तेच ताट हवे असते. मेंबराच्या ताटात सोमवारी बिरड्या, मंगळवारी कुळथाचे पिठले, वैशाखात फणसाची किंवा ओल्या काजूगरांची भाजी फिरत राहते. पाहुण्याला सुरमईची थाळी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी एवढेच पुरते. दोघांसाठी एकच स्वयंपाकघर राबवणे हे कसब आहे, आणि ते मुख्यतः मासळीच्या हिशेबात दिसते.

मासळीचा हिशेब मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरू होतो. भाव रोज बदलतो. वारा सुटला किंवा बोटी कमी लागल्या की कालचा भाव आज राहत नाही. तीन किलोची सुरमई घेतली तर डोके, शेपूट, पोटातली घाण जाऊन तळायला सुमारे दोन किलो उरते. सव्वाशे ग्रॅमची एक अशा सोळा तुकड्या होतात. म्हणजे तुकडीचा खरा भाव काढताना बंदरावरच्या भावाची दीडपट धरावी लागते, त्यावर तेल, रवा, मसाला आणि जळण. नवशिका मालक बंदरावरचा भाव धरून थाळीची किंमत ठरवतो आणि हंगामभर गर्दी असूनही पैसे कुठे गेले ते त्याला कळत नाही. जाणती बाई डोके फेकत नाही. त्याचे कालवण होते आणि मेंबरांच्या ताटात ते वाढले जाते. सुरमई महागली की बांगडा, सौंदाळा किंवा मोरी. मेंबराला त्याचे काही वाटत नाही, कारण घरीही हेच होते. पाहुण्याला मात्र समजावून सांगावे लागते. फळ्यावर रोजचा मासा आणि रोजचा भाव खडूने लिहिण्याची पद्धत याच कारणाने योग्य आहे. छापील कार्डावर वर्षभराचा भाव टाकला की तुकडी पातळ करण्याचा मोह आवरत नाही, आणि पातळ तुकडी तव्यावर कोरडी पडते.

मग पाऊस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्याला लागून श्रावण येतो. मासळीवर चालणाऱ्या खाणावळीचे हे अडीच-तीन महिने मेंबर, शाकाहारी ताट, सुके बोंबील, सोडे आणि खाडीची थोडी मासळी यांवर निघतात. उलट एप्रिल-मेमध्ये आंब्याचा हंगाम आणि सुट्ट्या एकदम येतात. गणपतीपुळे, पावस करून परतणाऱ्या गाड्या दुपारी तीनपर्यंत दारात उभ्या असतात. गणपतीत चाकरमानी येतो, पण त्याच दिवसांत खाणावळवाल्याच्या घरीही गणपती असतो आणि वाढपी आपल्या वाडीत गेलेला असतो. जी कुटुंबे तेव्हा पाच-सात दिवस पाटी उलटी करून ठेवतात त्यांचे नुकसान होते असे वरवर दिसते. पण वर्षभर राबणाऱ्या बायकांना मिळणारी सलग सुट्टी हीच, आणि ती जपावी.

पूर्वी मुंबईचा उतारू बोटीने येई आणि पडावातून किनाऱ्याला लागे. पावसाळ्यात तीही वाट बंद. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि रत्नागिरी मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर आली. स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आणि महामार्ग हातखंब्याहून जाणारा, त्यामुळे नवी गर्दी आळीतल्या जुन्या खाणावळींना आपसूक मिळाली नाही. ती रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांकडे वळली. यावर अनेक कुटुंबांनी महामार्गावर जागा घेऊन दुसरी शाखा काढण्याचा विचार केला. हा विचार तपासून पाहण्यासारखा आहे. रस्त्यावरचे गिऱ्हाईक एकदा येते आणि पुन्हा वर्षाने. तिथे पार्किंग, स्वच्छतागृह आणि लवकर मिळणारे जेवण याला चवीइतकेच मोल आहे. आळीतल्या खाणावळीचे बळ यांपैकी एकातही नसते. शाखा काढायचीच तर आधी शहरात डबे आणि पार्सल वाढवणे शहाणपणाचे. त्यात नवीन भांडवल कमी लागते आणि एकाच स्वयंपाकघरातून किती अन्न चव न बिघडता निघू शकते हे कळते.

ते कळले की श्रमाचा प्रश्न समोर येतो. बहुतेक वह्यांत घरच्या माणसांचा पगार लिहिलेला नसतो. समजा महिन्याअखेर ४५ हजार रुपये शिल्लक दिसतात. आई रांधते, सून भाकऱ्या आणि वाटप बघते, मुलगा गल्ल्यावर. हीच कामे बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायची झाली तर आचाऱ्याला १८ हजार, मदतनीस बाईला १२ आणि गल्ल्यावरच्याला १२, म्हणजे ४२ हजार. स्वतःच्या जागेचे भाडे १५ हजार धरले तर खाणावळ १२ हजारांनी तोट्यात आहे. घरची माणसे आपली मजुरी धंद्याला देत आहेत आणि तिलाच नफा म्हटले जाते आहे. आई आजारी पडून बाहेरचा आचारी ठेवावा लागतो त्या महिन्यात हे उघड होते. म्हणून पहिल्या वर्षापासून घरच्या प्रत्येक माणसाच्या नावे पगार लिहावा आणि शक्य तेव्हा तो खरोखर हातात द्यावा, विशेषतः सुनेच्या. गल्ल्यातून घरचा बाजार आणि मुलांची फी काढण्याची सवय मोडते ती यानेच. थाळीची किंमतही मग खरी ठरते.

करांची बाजू त्यामानाने सरळ आहे. २०१७ पासून साध्या उपाहारगृहांना ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला आपसमेळ योजना घेता येते, पण मग कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही.

पिढी बदलताना काय टिकते याचे चांगले उदाहरण पुण्यात आहे. रत्नागिरीत जन्मलेले मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू केले. त्यांच्यानंतर ते चारुदत्त सरपोतदार यांनी चालवले, आणि नाटक-चित्रपटातल्या माणसांचे ते घरच झाले. पिढ्या बदलल्या तरी पत्ता, नाव आणि येणारा माणूस बदलला नाही, आणि त्या जोरावर ते टिकले.

प्रत्येक घरात असे होत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. इमारतीचे वाटे कागदावर पडतात, पण चाललेल्या खाणावळीचे पडत नाहीत. दोन भाऊ एकाच आळीत दोन पाट्या लावतात तेव्हा मेंबर ज्या बाजूला आईचा हात आहे तिकडे जातात. इमारत सर्वांची, धंदा चालवणाऱ्याचा आणि धंद्याने इमारतीला भाडे द्यायचे, ही रचना आईवडील हयात असतानाच लिहून घेतली तर बहिणींचा वाटाही राहतो आणि चुलीही दोन होत नाहीत.

शेवटी उरते चव. ती मूठ, वाटी आणि अंदाज यांत असते. मेमध्ये वर्षाचा मसाला भाजला जातो, आमसुले पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात वाळवली जातात. तेव्हा तराजू जवळ ठेवावा. आईने मुठीने घेतलेले धणे, मिरची, दगडफूल टोपात पडण्याआधी तोलून वहीत लिहावे. पुढच्या मेमध्ये तिने नुसते बसावे आणि वहीवरून दुसऱ्याने भाजावे. मिरची दर वर्षी सारखी तिखट नसते आणि आमसूल सारखे आंबट नसते, म्हणून तिसऱ्या मेमध्येही तिला चव बघून आकडे दुरुस्त करावे लागतात. एवढे झाले की दुसऱ्या ठिकाणी चूल मांडायला हरकत नाही.