अर्ज कुणाच्या नावे?

परळ-लालबागच्या कॉलेजातल्या मुलांची एक अभिरूप विधानसभा आम्ही मोबाइलवर चालवतो. राज्य काल्पनिक, निवडणूक, मंत्रिमंडळ, विरोधी पक्षनेता मात्र सगळं रीतसर. अधिवेशन रात्री, जेवणं उरकल्यावर. यंदा मुलांनीच प्रश्न काढला: जे निवडून आले नाहीत, त्यांनी मत दिल्यावर नुसतं ऐकत बसायचं का? मग नागरिकांच्या अर्जांची सोय करायचं ठरलं आणि नियमांचा मसुदा माझ्याकडे आला.

मुलांची सगळी चर्चा सह्यांच्या आकड्यावर अडली. पन्नास की शंभर? मी त्यांच्यापुढे १८८४ चा अर्ज ठेवला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनला अर्ज दिला. सह्या होत्या साडेपाच हजार. पण मुलांनी बघावं असं मला वाटत होतं ते मागण्यांचं कलम. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाल्यास उदरनिर्वाहाची तजवीज. वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. दिलं की नाही, हे कुणीही तपासून सांगेल.

तरीही रविवार मिळाला नाही. कमिशनच्या हातात शिफारशीपलीकडे काही नव्हतं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन कामगार बायका भाषणाला उभ्या राहिल्या, आणि या वेळी अर्ज गेला तो थेट गिरणीमालकांच्या संघटनेकडे. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. अर्थात मधल्या सहा वर्षांची चळवळ त्यामागे होतीच. पण या वेळी अर्ज सुट्टी देऊ शकणाऱ्याच्याच हातात पडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून आमचा पहिला नियम असा झाला की, अर्जाच्या माथ्यावर एकाच खात्याचं नाव आणि शेवटी एकच मागणी. लोकसभेच्या नियमांतही अर्जाचा शेवट नेमक्या मागणीनेच व्हावा लागतो. आपल्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते, तशी आम्हीही एक नेमली. सह्यांचा आकडा मी मुद्दाम कमी ठेवला. ज्याच्या गल्लीत वीसच बिऱ्हाडं आहेत, त्याने शंभर सह्या आणायच्या कुठून?

नियमाची खरी परीक्षा पहिल्याच अर्जाला झाली. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमच्या वसाहतीचा पाणीप्रश्न त्वरित सोडवावा.’ राज्य काल्पनिक असलं तरी पाणी तिच्या घरचंच होतं. मी विचारलं, पाणी येतं कधी? “पहाटे येतं ताई, पण तळमजल्याचे पंप सुरू झाले की वरच्या मजल्यांवर थेंब नाही.” मग तेच लिही, म्हटलं. तिने पुन्हा लिहिलं: पाण्याच्या वेळेत खात्याने तपासणी करून नळाला थेट पंप लावणं बंद करावं. ‘त्वरित’ गेलं, ‘प्रश्न’ गेला. तळमजल्यावरचा एक मुलगा लगेच विरोधात उभा राहिला. ते बघून मला बरं वाटलं. कुणाचंच काही जात नाही अशा अर्जावर सभागृह बोलणार तरी काय?

सर्वांत जास्त वाद उत्तराच्या नियमावर झाला. मंत्र्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं: मंजूर, नामंजूर किंवा अंशतः मंजूर, आणि कारण लेखी. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर धरायचं नाही. मंत्री झालेली मुलं कुरकुरली, पण या एका कलमावर मी तसूभर हलले नाही. नकार मिळालेल्या माणसाला निदान पुढचा अर्ज कुणाकडे न्यायचा ते कळतं. ज्याला उत्तरच नाही, तो खेपा घालत राहतो.

पाण्याचा अर्ज येत्या अधिवेशनात पटलावर येतोय. खातं गिरगावच्या एका मुलीकडे आहे. तपासणीला माणसं कुठून आणायची, हे ती आत्तापासून अर्थमंत्र्याला विचारते आहे.