गेन म्हणजे नफा नव्हे



सांगलीला बी.कॉम. करताना 'गेन' हा शब्द मी हिशेबाच्या वहीत शिकले. कॅपिटल गेन, म्हणजे चार पैसे पदरात पडले. साठी उलटल्यावर तोच शब्द आमच्या वांद्र्याच्या घरात एका काळ्या खोक्यावर दिसला आणि मी त्याचा अगदी चुकीचा अर्थ लावला.

खोकं नातवाचं. अकरावीत गेल्यावर त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, तिच्याबरोबर हा दहा वॅटचा अँप्लिफायर आला. वांद्र्यात गिटारचं कुणाला नवल नाही, इथल्या चर्चच्या क्वायरमधूनच कितीतरी पोरं वाजवायला शिकतात. नवल आमच्या घराला. आमच्याकडे मोठा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी.

ह्यांना दोन वर्षांपासून कानाचं यंत्र आहे. वयानं ऐकू येणं कमी होतं ते बहुधा वरच्या पट्टीतलं आधी. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. गिटार सुरू झाली की हे यंत्र काढून डबीत ठेवायचे. "सुया टोचतात," म्हणायचे. मला वाटलं, बरंच झालं, वाद नको. पण हळूहळू यंत्र दिवसभर डबीतच राहू लागलं. चहा विचारला तर मान हलवायचे, हो की नाही कळायचं नाही. मुलीचा फोन आला की "तूच बोल." जेवणाच्या टेबलावर आमच्यात बसून ते आमच्यात नसायचे. मैत्रिणींनो, ते बघणं फार कठीण होतं.

सूर्यास्ताआधी जेवणं उरकून मी सामायिकाला बसते. एकदा ती ४८ मिनिटं कशीबशी काढली आणि तडक नातवाच्या खोलीत गेले. "आवाज कमी कर आधी!"

"आजी, व्हॉल्यूम दोनवरच आहे, बघ."

खरंच दोनवर होता. गेन मात्र नऊवर.

मग त्यानं समजावलं. तारेच्या थरथरीतून गिटारच्या पिकअपमध्ये विजेचा अगदी क्षीण संकेत तयार होतो. तो आत येतानाच किती वाढवायचा हे गेन ठरवतो, शेवटी बाहेर किती सोडायचा हे व्हॉल्यूम. आत पेलवेल त्यापेक्षा जास्त वाढवला की लहरीचे शेंडे छाटले जातात, त्यातून नवे वरचे सूर निघतात. तीच ती खरखर, डिस्टॉर्शन. शिवाय हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं सारखंच ऐकू येतं, आणि घरातल्या विजेची घुंघुंही वाढते. मी म्हटलं, म्हणजे गोदाम ओसंडतंय आणि दुकानाचं शटर अर्धंच उघडं! त्याला उपमा आवडली नाही.

पूर्वी बऱ्याच अँप्लिफायरना ही सोय नव्हती, खरखर हवी तर आवाज पूर्ण सोडायचा. लिंक रे नावाच्या अमेरिकन वादकानं १९५८मध्ये तर खरखरीसाठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली होती. मार्शल कंपनीनं १९७५मध्ये आपल्या अँप्लिफायरला शेवटच्या आवाजाचं वेगळं बटण दिलं, तेव्हा कमी आवाजातही ती मिळू लागली.

पुढच्याच आठवड्यात ह्यांचं यंत्र तपासायला नेलं. ऑडिओलॉजिस्ट बाई संगणकाकडे बघत म्हणाल्या, "वरच्या फ्रीक्वेन्सीचा गेन थोडा जास्त ठेवलाय." मी खुर्चीतच ताठ बसले. तोच शब्द! जी पट्टी ऐकू येत नाही तीच यंत्र जास्त वाढवतं. आणि नातवाची खरखर, वर ट्रेबल पूर्ण, नेमकी त्याच पट्टीत. अशा कानांना बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज एकदम असह्य होतो, हेही बाईंनी सांगितलं. सुया खऱ्याच होत्या. मी मात्र मनात ह्यांना हट्टी ठरवून मोकळी झाले होते.

घरी येऊन नातवाला सांगितलं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हाक आली, "आजी, तू बटणं फिरव, माझे दोन्ही हात अडकलेत." हे यंत्र लावून पॅसेजमध्ये बसले. बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही आधी मध्यावर ठेवली, गेन तीनवर आणला, मग एका वेळी एकच बटण हलवलं. दोन बटणं एकदम फिरवली की कशानं काय झालं ते समजत नाही. (भाजीत मीठ आणि लिंबू एकदम वाढवू नये, तसंच.) ट्रेबल जरा खाली घेतल्यावर ह्यांच्या कपाळावरची आठी गेली. मिडल वाढवल्यावर गिटार जवळ येऊन बोलतेय असं वाटलं.

बेसचं दुखणं वेगळं. खालच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार होतीच, सूर नाही पण धम्मधम्म ऐकू येतं म्हणून. कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्याचा बेस फुगतो आणि जमिनीतून खाली उतरतो. खोकं कोपऱ्यातून काढून खुर्चीवर ठेवलं, खाली गोधडीची घडी. बाई आता जिन्यात हसून बोलतात.

हेडफोन लाव म्हणणं सोपं होतं, तोही तयार होता. मीच नको म्हटलं. एक जण यंत्र काढून बसलेला, दुसरा हेडफोन लावून, मग घरात मी बोलायचं कुणाशी?

नातू मात्र चार दिवस फुगून होता. गेन तीनवर आणल्यावर त्याच्या चुका स्वच्छ ऐकू येऊ लागल्या होत्या. बोट कुठे घसरलं, कुठली तार अर्धवट दाबली, सगळं. इतके दिवस ते खरखरीत खपून जात होतं.

ह्यांनी तरुणपणी सांगलीच्या बस्तीत भजनाला पेटी वाजवलेली. परवा पॅसेजमधून म्हणाले, "प्रत्येक वेळी तिसऱ्या सुराला अडखळतोस तू."

"आजोबा, तुम्हाला ऐकू येतं एवढं?" पोरगा चांगलाच वैतागला. मग तेवढाच तुकडा त्यानं पुन्हा वाजवला. हे पुन्हा म्हणाले, "अजून नाही."