तिवराची मोटर कुठे असते?

गोराई खाडीच्या काठी, ओहोटीच्या वेळी, मैत्रिणीने तिवराचं पान तोडून हातात दिलं. "चाटून बघ." ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे ऐकलं. बोरिवलीत जन्म गेला, पण खारफुटी म्हणजे जेट्टीकडे जाताना नाक दाबून ओलांडायची जागा, एवढीच माझी ओळख. पान चक्क खारट! उन्हात तिरकं धरलं तर मिठाचे बारीक कण चमकत होते.

इथेच माझं डोकं चक्रावलं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की थोड्याच वेळात तळाशी पाणी सुटतं. पेशीच्या पटलातून पाणी जिकडे क्षार जास्त तिकडे जातं, ते परासरण, इतपत शाळेतलं आठवत होतं. समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. मग खाडीने तिवराच्या मुळांतलं पाणी केव्हाच ओढून घ्यायला हवं होतं.

"मुळं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात," ती म्हणाली. "उरलंसुरलं पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. तेच तू चाटलंस."

म्हणजे घरच्या आरओसारखं? मग मोटर कुठाय? कारण समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढायचं तर 25 वातावरणांहून जास्त दाब हवा, हेही तिनेच सांगितलं होतं. तिने वर बोट दाखवलं. ऊन! पानांतून पाण्याची वाफ होते आणि खोडातल्या बारीक नळ्यांमधलं सलग पाणी वर ताणलं जातं. खालून ढकलणं नाहीच, सगळी वरून खेच. शोलँडर या शास्त्रज्ञाने फांद्या दाबपात्रात घालून ही खेच मोजली आणि 1965 मध्ये प्रसिद्ध केली. खारफुटीत ती समुद्राच्या परासरण दाबापेक्षा जास्त भरली. पाणी इतकं ताणूनही तुटत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

एवढ्या खेचीत पानांतल्या पेशींनाही आपलं पाणी धरून ठेवायचं असतं. म्हणून त्या थोडं मीठ रिक्तिकेत कोंडून ठेवतात आणि नाजूक कामं चालतात त्या पेशीद्रवात ग्लायसीन बीटेन नावाचं निरुपद्रवी द्रव्य भरतात. ज्या मिठाला दारातच अडवायचं, त्यातलंच थोडं घरात कामाला लावलेलं.

मग मी चिखलातून वर आलेल्या, वीतभर उंचीच्या टोकदार मुळांबद्दल विचारलं. ती श्वसनमुळं. खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तो कुजका वासही त्याचाच परिणाम. शिवाय पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण हवेपेक्षा सुमारे 10,000 पट संथ, म्हणून या मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या आणि सालीवर बारीक छिद्रं.

"आणि भरतीत?"

"छिद्रं बुडतात, पण पाणी आत शिरत नाही. मुळं आतला ऑक्सिजन वापरत राहतात, तसा आतला दाब उतरतो. ओहोटीत छिद्रं उघडी पडली की आधी हवा आत खेचली जाते, पुढचं काम विसरणाचं."