व्यवसाय कर रद्द व्हावा, असं मी म्हणत होते

स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांवरचा व्यवसाय कर महाराष्ट्रानं सरळ रद्द करावा, असं माझं ठाम मत होतं. व्यावसायिकांच्या बैठकांत मी ते बोलून दाखवलं, तशा निवेदनांवर सह्याही केल्या. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. माझं ऐकून ज्यांनी तेच मत धरलं, त्यांना कारण सांगायला हवं.

मी आर्किटेक्ट आहे, नाशिकला स्वतःच्या नावानं काम करते. आयकराबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आमच्यासारख्यांना अनुमानित नफ्याची सोय मिळाली. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम नफा धरायची, आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकरकमी भरायचा. फी देणाऱ्यानं कापलेला टीडीएस त्यातून वळता होतो. जमा 20 लाखांच्या आत असली की जीएसटीची नोंदणीही लागत नाही. कमाई घटली की कर घटतो, एवढं साधं आहे ते.

व्यवसाय कराचं तसं नाही. आर्किटेक्ट, अभियंता, वकील, डॉक्टर, सल्लागार, कुणीही असा, वर्षाला 2,500 रुपये, जूनअखेरपर्यंत. ज्याच्या साइट बंद पडल्यात त्यालाही तेवढेच आणि ज्याचे टॉवर उभे राहतायत त्यालाही तेवढेच. वयाची 65 वर्षं उलटली की सुटका. राज्यघटनेच्या 276 व्या कलमानं या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून वरच्याला जास्त लावता येत नाही. पण खालच्याला कमी लावायला कुणी अडवलेलं नाही. माझा राग इथूनच सुरू झाला होता.

तो वळला एका पाझर तलावामुळे. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात जुन्या बांधाच्या दुरुस्तीचं मोजमाप घ्यायला गेले होते. बांधाच्या आतल्या उतारावर दगडी पिचिंग होतं. लहानमोठे दगड, पण सांध्यात बोट शिरणार नाही असे बसवलेले. इतक्या वर्षांनी फक्त एका कोपऱ्यात ढासळलेले. टेप धरायला गावातल्या एक आजी आल्या होत्या. म्हणाल्या, “ताई, हा बांध आम्ही घातलाय. हमीच्या कामावर. चौकड्या खणायच्या, पाट्या टाकायच्या, आठवड्याला मस्टरवर अंगठा. घरातलं धान्य सरलं होतं तेव्हा.”

हमीचं काम म्हणजे रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला या विचाराचा प्रयोग करून पाहिला होता. बहात्तरच्या दुष्काळात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, तेव्हा काम मागेल त्याला काम ही कल्पना राज्यानं उचलून धरली. मग प्रश्न आला पैशाचा. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला तो यासाठी: शहरातल्या पगारदारानं आणि व्यावसायिकानं थोडे थोडे द्यायचे, या आणि अशा इतर करांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला मजुरी द्यायची. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं 1977 मध्ये एकमतानं केला. पुढे 2005 मध्ये केंद्रानं देशभरासाठी असा कायदा केला, त्याची वाट महाराष्ट्रानं दाखवली होती.

हे सारं मी इतकी वर्षं चलन भरताना कधी विचारलंच नव्हतं. माझ्या नजरेत तो सरकारचा एक जुना, अडगळीतला कर होता. त्यामागे शहरानं खेड्याशी केलेला एवढा सरळ करार आहे हे कळल्यावर तो मोडून टाका असं म्हणायला माझी जीभ रेटेना. निधीत पैसे पडून राहिले आणि कामं निघाली नाहीत, असंही पुढे घडलं. त्याचा जाब सरकारला विचारायला हवा. त्यासाठी कर बुडवायचं कारण नाही.

अन्याय मात्र आहे आणि तो मी लपवणार नाही. महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्या स्त्रीला 2023 पासून व्यवसाय कर माफ आहे. तीच स्त्री नोकरी सोडून घरून ड्रॉइंगं करायला लागली, महिन्याला कसेबसे 15,000 मिळवायला लागली, की तिला पूर्ण 2,500 भरावे लागतात. माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलींपैकी काही आज याच अवस्थेत आहेत. पगाराला पायऱ्या आहेत, तशाच स्वतंत्र कमाईलाही हव्यात, आणि त्या राज्याच्या हातात आहेत.

तेव्हा व्यवसाय कर रद्द करा, अशा निवेदनावर यापुढे माझी सही मागू नका. कमी कमाईच्या स्वतंत्र व्यावसायिकांना पगारदारांसारखी सूट द्या आणि जमलेला पैसा कुठे गेला ते दरवर्षी सांगा, असं निवेदन काढणार असाल तर मजकूर लिहायलाही मी येते.