आयदान आणि अनुवाद

पुण्यात नवी मंडई बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध मानला गेला नाही. वास्तू उभी राहिली, गव्हर्नरच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखली गेली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचेच नाव मिळाले. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग आम्ही आवर्जून सांगतो, कारण मंडईपासून अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने पायी गाठता येतात. भाजीबाजार आणि ग्रंथबाजार इतके जवळ असूनही आपल्या समाजाला एकातून दुसऱ्यात पोहोचायला किती पिढ्या लागल्या, हे मुलांना तेथे उभे राहिले की सांगावे लागत नाही.

या परिसरातूनच आपल्या परंपरेने जगाच्या साहित्याशी बोलणे सुरू केले. तरुण जोतीरावांनी थॉमस पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचला आणि १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी मराठवाड्यातील तरुण लेखकांना करून दिली. १९७२ साली 'दलित पँथर' हे नाव घेतले गेले, तेव्हा समुद्रापलीकडच्या 'ब्लॅक पँथर'शी आपले नाते जाहीर झाले. जागतिक साहित्य ही आपल्याकडे उच्चभ्रूंची हौस म्हणून आली नाही. ती एका दुःखाने दुसऱ्या दुःखाला घातलेली साद होती.

म्हणूनच २० मे २०२५ रोजी लंडनमध्ये बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आमच्या शिक्षककक्षात आनंद झाला. हा मान मिळवणारे ते कन्नड भाषेतील पहिले पुस्तक आणि पहिलाच कथासंग्रह. बानू मुश्ताक या मूळच्या 'बंडाय' साहित्य चळवळीतल्या. जात, वर्ग आणि धर्मसत्ता यांच्या विरोधात कन्नडमध्ये उभी राहिलेली ही चळवळ आपल्या दलित साहित्याची सख्खी शेजारीण. या पुरस्काराचे पन्नास हजार पौंड लेखिका बानू मुश्ताक आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात समान वाटले गेले. तीन वर्षांपूर्वी हिंदीतील गीतांजली श्री आणि अनुवादक डेझी रॉकवेल यांनाही हाच मान मिळाला होता. अनुवादकाला निम्मा वाटा, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडली. श्रमाचे मोल समान, हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागले नाही.

आपल्या पुस्तकांनीही प्रवास केला आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी आला. फ्रेंच वाचकांपर्यंत ते पुस्तक त्याच्या कितीतरी आधी पोहोचले होते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' माया पंडित यांनी इंग्रजीत नेले. या अनुवादकांचे ऋण मोठे आहे.

परंतु अनुवादात काय जाते आणि काय राहते, हे आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकवले. नववीच्या वर्गात 'आयदान'चा उल्लेख झाला, तेव्हा तिने सरळ विचारले, "आयदान म्हणजे काय?" मुलगी मराठवाड्यातली, हा कोकणातला शब्द तिने ऐकलेला नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही काही मुलांना मंडईजवळच्या बुरूड आळीत नेले. तेथील एका वृद्ध कारागिराला शब्द विचारला. त्यालाही तो ठाऊक नव्हता. त्याने समोरच्या वस्तूंवर हात ठेवत नावे सांगितली : सूप, टोपली, रोवळी, हारा, डालगं. "एवढ्या सगळ्याला मिळून एकच शब्द? बरा आहे की!" असे म्हणून तो हसला आणि पुन्हा बांबूच्या कामट्या काढू लागला.

ऊर्मिलाताईंची आई हीच आयदाने विणून घर चालवीत असे. इंग्रजी पुस्तकाचे नाव आहे 'द वीव्ह ऑफ माय लाइफ'. आयुष्याची वीण. नाव सुंदर आहे. लेखिकेने आपले लेखन आणि आईचे विणकाम यांची जोडलेली सांगड त्यात आली. पण टोपली मात्र त्या नावातून गळाली. मुलांनी हे स्वतः ओळखले. आणि त्याच वेळी हेही ध्यानात आले, की जो शब्द इंग्रजीत गेला नाही तो पुण्यापर्यंतही आलेला नव्हता. अनुवाद दोन देशांमध्येच लागतो असे नाही. तो चिपळूण आणि बीड यांच्यातही लागतो.

येथे पालकांशी आणि माजी विद्यार्थ्यांशी थोडे मोकळेपणाने बोलावेसे वाटते. आपल्यापैकी अनेकांची मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काहीच नाही; ही भाषा मिळवण्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसले, हे आपण जाणतो. पण याचा अर्थ असा, की आपली नातवंडे 'बलुतं' इंग्रजीतच वाचतील. पणजीचे जिणे त्यांना अनुवादातून कळेल. मग तो अनुवाद कोण करणार आणि त्यातील 'येसकर', 'तक्क्या', 'जोहार' हे शब्द कोण समजावून सांगणार, हा प्रश्न आपल्या घरचा आहे. ज्याने आजीच्या तोंडून हे शब्द ऐकले आणि ज्याला इंग्रजीही येते, अशी पिढी एकच असते. ती पिढी म्हणजे या शाळेचे माजी विद्यार्थी.

अनुवाद आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' इंग्रजीत लिहिला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तो हिंदीत आणला. मराठीतही तो आला. वर्षावासात विहाराविहारांत ज्या ग्रंथाचे वाचन होते तो अनुवाद आहे, हे ऐकणाऱ्या आयाबायांच्या मनातही येत नाही, इतका तो आपला झाला आहे. त्याहून मागे गेलो, तर विनयपिटकात एक प्रसंग आहे. बुद्धवचन छंदोबद्ध अभिजात भाषेत बांधावे, अशी विनंती ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी केली. तथागतांनी ती नाकारली. भाषेच्या त्या अनुज्ञेचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद असले, तरी धम्म एका वर्गाच्या भाषेत कोंडला गेला नाही आणि पुढे तो चिनी व तिबेटी भाषांत गेला, हे इतिहासाने पाहिले आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एकच मागणे. शाळेच्या ग्रंथालयास देणगी देताना एक पुस्तक जगातून मराठीत आलेले द्यावे आणि एक मराठीतून जगात गेलेले. आणि ज्यांना दोन भाषा येतात, त्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून दहा शब्द अर्थासह लिहून घेऊन शाळेकडे पाठवावेत. नववीच्या मुलांनी त्यासाठी वही केली आहे. पहिला शब्द 'आयदान' हा आहे. त्याखालची पाने कोरी आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!